आधी आडोसा, मग फूल



आजच्या गप्पांची सुरुवात आम्ही घायपातीपासून करतो. काही गावांत तिला केकताड म्हणतात. बांधावर, रस्त्याच्या कडेला, ओसाड माळावर ती आपली आपण उभी असते. तिला कुणी पाणी घालत नाही की खत घालत नाही. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला बरी, आणि पानं कुजवून वाख काढला की दोराला बरी, एवढीच आपल्याकडे तिची किंमत. दारातल्या कोरफडीचंही तेच. कुणाला भाजलं, कुणाचे केस गळायला लागले, की तिची आठवण येते.

हीच घायपात आणि हीच कोरफड इंग्लंडमध्ये नाजूक झाडांत मोजतात. हिवाळा आला की तिथली माणसं या झाडांच्या कुंड्या उचलून घरात नाहीतर काचघरात ठेवतात. बाहेर राहिली तर एका रात्रीच्या हिमाने पानं काळी पडतात आणि झाड जातं. पण त्याच देशाच्या टोकाला, भर समुद्रात एक लहानसं बेट आहे. त्या बेटावर दीडशे वर्षांहून अधिक काळ घायपात, कोरफड, आफ्रिकेतली, मेक्सिकोतली, न्यूझीलंडमधली झाडं बारा महिने उघड्यावर वाढत आली आहेत. बेटाचं नाव ट्रेस्को. आज त्या बागेचा इतिहास सांगायचा आहे. बाग श्रीमंताची होती, पण तिच्या गोष्टीत आपल्यासारख्या बायाही आहेत आणि घर सुटलेली माणसंही आहेत.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. त्याच्याही पुढे समुद्रात साधारण ४५ किलोमीटरवर सिली बेटं आहेत. बेटं पुष्कळ, पण माणसांची वस्ती आज फक्त पाच बेटांवर. ट्रेस्को हे त्यांतलं एक. सगळी मिळून लोकवस्ती दोन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम गाव.

ही बेटं पृथ्वीच्या नकाशावर ५० अंश उत्तरेजवळ येतात. आपली मुंबई १९ अंशांवर आहे. कॅनडातलं विनिपेग शहर सिली बेटांच्याच ओळीत येतं, आणि तिथे जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. सिली बेटांवर मात्र जानेवारीत सरासरी आठ अंशांच्या आसपास असतं. हिम पडणं तिथे क्वचितच. असं का होतं? चुलीवरचा तवा आठवा. जाळ काढला की तवा चटकन गार होतो, पण शेजारचा पाण्याचा हंडा कितीतरी वेळ कोमट राहतो. जमीन तव्यासारखी आणि समुद्र हंड्यासारखा. त्यात अटलांटिक महासागरात दक्षिणेकडून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह या बाजूला वाहतो. चारी बाजूंनी असं पाणी असल्यामुळे बेटांना कडाक्याची थंडी सहसा शिवत नाही.

थंडीने झाड मरतं कसं, तेही पाहू. पानात, खोडात पाणी असतं. पारा शून्याखाली गेला की ते गोठतं. त्याचा बर्फ झाला की आतले नाजूक पापुद्रे फाटतात. ऊन आल्यावर बर्फ वितळतो आणि पान उकडल्यासारखं लिबलिबीत होऊन काळं पडतं. ज्या झाडांच्या मूळ मुलखात कधी हिम पडत नाही, त्यांच्या अंगी हे सोसण्याची ताकद नसते. म्हणून ती नाजूक.

मग बेटावर हिमच पडत नाही म्हटल्यावर काम सोपं झालं, असं वाटेल. तसं मुळीच नव्हतं. सिली बेटांवर थंडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे वारा. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला काहीच नाही. हिवाळ्यात तो खारं पाणी घेऊन अंगावर येतो. मिठाचे तुषार पानांवर बसले की पानं करपतात. जुन्या काळी या बेटांवर उंच झाड जवळजवळ नव्हतंच. खुरटं गवत, खडक आणि काटेरी झुडपं, असा सगळा देखावा.

माणसांची स्थितीही त्या जमिनीसारखीच होती. कुटुंबातल्या मुलांत वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे इतके लहान झाले होते, की त्यावर पोट भरत नव्हतं. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मासेमारी आणि वाट दाखवून जहाजं बंदरात आणणं हे पुरुषांचं काम. बायका आणि मुलं समुद्रकाठचं शेवाळ गोळा करत, वाळवत आणि दगडी खड्ड्यांत जाळत. त्याची राख काच आणि साबण करणाऱ्यांना विकली जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा धंदा दीडशे वर्षं चालला. पुढे सोडा कारखान्यात स्वस्त तयार होऊ लागला आणि राखेला गिऱ्हाईक राहिलं नाही.

अशा वेळी, १८३४ साली, ऑगस्टस स्मिथ नावाच्या माणसाने ही सगळी बेटं भाडेपट्ट्याने घेतली. जमिनीची मालकी डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या संस्थानाकडे होती. स्मिथ लंडनच्या बाजूचा, पैसेवाल्या घरातला, लग्न न केलेला, वय तिशीचं. त्याने स्वतःला बेटांचा ‘लॉर्ड प्रोप्रायटर’ म्हणवून घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बेटांचा खोत म्हणा. जमीन त्याच्या हातात, घरं त्याच्या हातात, कोण राहील आणि कोण जाईल हेही त्याच्याच हातात.

त्याने केलेली कामं दोन्ही तऱ्हेची आहेत. त्याने शाळा काढल्या आणि मुलांना शाळेत यायलाच हवं असा नियम केला. शाळेत येणाऱ्या मुलाचे आठवड्याला एक पेनी आणि न येणाऱ्याचे दोन पेन्या तो घेई, अशी गोष्ट सांगतात. इंग्लंडच्या सरकारने लहान मुलांना शाळा सक्तीची केली ती १८८० साली. सिली बेटांवरच्या मुली त्याच्या कितीतरी आधी लिहायला-वाचायला शिकत होत्या. त्याने रस्ते केले, धक्का वाढवला. पण त्यासोबत जमिनीच्या वाटण्या बंद केल्या. तुकडे एकत्र करून एकाच वारसाच्या नावावर ठेवायचे आणि बाकीच्या मुलांनी जहाजावर किंवा मुख्य भूमीवर जाऊन काम शोधायचं, असा त्याचा हुकूम होता. ज्याच्या हाती जमीन राहिली त्याचं बरं झालं. बाकीच्यांना गाव सोडावं लागलं.

स्वतःला राहायला त्याने ट्रेस्को बेट निवडलं. तिथे बाराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती मठाचे अवशेष होते. पडक्या कमानी, पडक्या भिंती. त्याच्या शेजारी त्याने घर बांधलं आणि मठाच्या भिंतींच्या आडोशाला पहिली झाडं लावली. वारा अडवायला भिंती हव्यात हे त्याला लवकर कळलं. त्याने उंच भिंती बांधल्या. भिंतीपलीकडे गॉर्स नावाचं काटेरी झुडूप पेरलं, कारण त्या वाऱ्यात सुरुवातीला दुसरं काही टिकत नव्हतं. त्या झुडपाच्या आडोशाला मग पुढची झाडं आली. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी माँटेरे नावाची जागा आहे. तिथले सुरू-पाईनच्या जातीचे वृक्ष खारा वारा सोसतात आणि भराभर वाढतात. बेटाच्या चढावर या वृक्षांच्या रांगा उभ्या केल्या गेल्या. पहिल्या पिढीने लावलेली ही झाडं नीट उंच व्हायला दुसरी पिढी उजाडली.

आडोसा झाल्यावर त्या आत बाग फुलली. घर आणि बाग डोंगरउताराच्या दक्षिण बाजूला, म्हणजे तिकडच्या मानाने ऊन जास्त मिळेल अशा बाजूला. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे टप्पे केले. वरचा टप्पा उन्हाचा आणि कोरडा, तिथे दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, कॅनरी बेटं अशा ठिकाणची झाडं. खालचा टप्पा सावलीचा आणि ओलसर, तिथे न्यूझीलंडची वृक्षनेची. जमीन रेताड, त्यामुळे पाणी साचत नाही. हे महत्त्वाचं आहे. घायपात, कोरफड यांसारखी झाडं थोडी थंडी सोसतात, पण थंडीत पाय ओले राहिले तर कुजतात.

झाडं आली ती जहाजांतून. लंडनजवळच्या क्यू बागेतून काही आली, काही दूरच्या मुलखांतून येणाऱ्या दर्यावर्दींनी आणली. त्या काळात इंग्रजांची जहाजं जगभर जात होती आणि जिथे राज्य केलं तिथली झाडंही उचलून आणत होती. आपल्या बांधावरची घायपातसुद्धा मूळची अमेरिका खंडातली, अशाच समुद्रप्रवासात आपल्याकडे आलेली. सगळी जहाजं सुखरूप पोचत नसत. सिली बेटांभोवतीच्या खडकांवर शेकडो जहाजं फुटली आहेत. फुटलेल्या जहाजांच्या नाळेवरचे कोरीव लाकडी पुतळे गोळा करून याच बागेत मांडून ठेवले आहेत. त्यात बायकांचे पुतळे पुष्कळ आहेत.

आता या गोष्टीतला तो भाग, जो बागेत फिरणाऱ्याला दिसत नाही.

ट्रेस्कोच्या समोर सॅमसन नावाचं लहान बेट आहे. दोन टेकड्या आणि मधे खिंड, एवढंच. तिथे काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत होती. दगडी भिंतींची लहान घरं, बटाटे, मासे, खडकावरच्या शिंपल्या, असं त्यांचं जगणं. घरटी मुलं होती, म्हाताऱ्या होत्या. हळूहळू वस्ती घटत गेली आणि शेवटी दोनच कुटुंबं उरली. ती फार गरिबीत होती, यात शंका नाही. १८५५ साली ऑगस्टस स्मिथने त्यांनाही तिथून काढलं. त्यांच्या भल्यासाठी काढलं, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर त्याने त्या बेटावर दगडी कुंपण घालून हरणं सोडायचा बेत केला. हरणंही तिथे टिकली नाहीत. त्या कुंपणाच्या भिंती आणि घरांची छप्पर नसलेली पडकी जोती आजही उभी आहेत. त्या बेटावर पुन्हा कुणी राहायला गेलं नाही.

आम्ही हा इतिहास वाचला तेव्हा इथे थांबलो. एकाच माणसाने आफ्रिकेतून आलेल्या रोपट्यासाठी भिंत बांधली आणि पिढ्यान् पिढ्या त्या खडकावर तगून राहिलेल्या माणसांची भिंत मोडली. धरणाखाली, अभयारण्याखाली गेलेल्या गावांच्या बाया आपल्यात आहेत. ‘तुमच्या भल्यासाठी’ हे शब्द त्यांनी ऐकलेले आहेत. स्मिथने शाळा काढल्या हे खरं, आणि सॅमसन ओस पाडलं हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. इतिहास सांगताना दोन्ही सांगायचं.

आता फुलांच्या धंद्याकडे येऊ. कारण बागेतला आडोसा गरिबाच्या शेतात पोचला तो या धंद्यामुळे.

राखेचा धंदा बुडाल्यावर बेटांवर लवकरचे बटाटे पिकवू लागले. थंडी कमी, म्हणून बटाटा मुख्य भूमीच्या आधी निघे आणि लंडनच्या बाजारात भाव मिळे. पण पुढे दुसऱ्या बेटांचे बटाटे बाजारात आले आणि भाव पडला. बेटांवर नर्गिसची फुलं मात्र बांधाबांधाला आपोआप येत. नर्गिस म्हणजे आपल्या निशिगंधासारखं कंदातून येणारं, गोड वासाचं फूल. पांढरं, पिवळं, एका दांड्यावर अनेक फुलं. लंडनमध्ये नोव्हेंबर ते मार्चमध्ये बर्फ आणि चिखल, फुलाचं नाव नाही. सिली बेटांवर त्याच महिन्यांत नर्गिस फुललेला.

बेटांवर अशी गोष्ट सांगतात की १८७० च्या आसपास विल्यम ट्रेव्हेलिक नावाच्या एका शेतकऱ्याने टोपी ठेवायच्या खोक्यात थोडी फुलं भरून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात पाठवली. फुलांचे साडेसात शिलिंग आले. त्या काळच्या शेतमजुराला एवढ्या पैशांसाठी कितीतरी दिवस राबावं लागे. बांधावरच्या फुकटच्या फुलाला एवढा पैसा मिळतो म्हटल्यावर शेजारीपाजारी कामाला लागले. वाहतुकीची सोयही नेमकी त्याच सुमाराला झाली होती. १८५९ साली टेमर नदीवरचा रेल्वेपूल झाल्याने कॉर्नवॉल लंडनशी रेल्वेने जोडला गेला होता. फुलं बेटावरून आगबोटीने पेन्झान्सला आणि तिथून आगगाडीने लंडनला जाऊ लागली.

ऑगस्टस स्मिथ १८७२ साली वारला. त्याच्यामागून पुतण्या आला, टॉमस डोरियन-स्मिथ. त्याने फुलांच्या धंद्याला जोर दिला, परदेशी जाऊन फुलशेती पाहिली, कंदांच्या नव्या जाती आणल्या. बघता बघता बटाट्याच्या शेतात नर्गिस आला.

या धंद्यात बायकांचे हात किती होते ते ऐका. फूल उमलायच्या आधी, कळी असतानाच खुडायचं. हिवाळ्याच्या पावसावाऱ्यात वाकून, ओल्या शेतात. मग कळ्या घरी आणून पाण्यात ठेवायच्या, काचघरात थोडं ऊबेत ठेवून उमलवायच्या. मग बारा-बारा दांड्यांच्या जुड्या बांधायच्या, खोक्यात कागद घालून नीट निजवायच्या. बांधणीचं काम बहुतेक बायकांचं. शेताच्या कडेला, घराच्या ओसरीवर, रात्री दिव्याखाली जुड्या बांधणं चाले, कारण सकाळची बोट कुणासाठी थांबत नसे. झेंडूच्या दिवसांत दसऱ्याच्या आदल्या रात्री आपल्या घरी जे चालतं, ते तिथे सगळा हिवाळा चाले.

नर्गिसच्या दांड्याचा चीक हाताला लागला की खाज सुटते, बोटांच्या बेचक्या फुटतात. अळूची पानं चिरताना जी खाज येते ती ज्या बारीक सुयांसारख्या स्फटिकांमुळे, तसलेच स्फटिक या चिकात असतात. डॉक्टरी पुस्तकांत फुलं खुडणाऱ्यांचा हा आजार म्हणून त्याची नोंद आहे. लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात फुलदाणीत ठेवलेल्या जुडीमागे बेटावरच्या एखाद्या बाईची फुटलेली बोटं होती. ऑगस्टस स्मिथचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जुडी बांधणारीचं नाव कुठल्याही पाटीवर नाही.

फुलशेतीलाही तोच शत्रू होता, वारा. एका रात्रीच्या वादळात सगळ्या दांड्या मोडून पडत. तेव्हा शेतकऱ्यांनी जिवंत कुंपणं लावायला सुरुवात केली. ट्रेस्कोच्या बागेत हौसेने आणलेली काही परदेशी झुडपं खारा वारा उत्तम सोसतात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. न्यूझीलंडचं पिटोस्पोरम हे त्यांतलं एक. पानं जाड, खालून लवदार, त्यामुळे मीठ त्याला फारसं बाधत नाही. अशा झुडपांची दाट, पुरुषभर किंवा त्याहून उंच कुंपणं लावून शेताचे लहान-लहान चौकोन केले गेले. वरून पाहिलं तर शेतं खोल्यांसारखी दिसतात, हिरव्या भिंतींच्या खोल्या. श्रीमंताच्या बागेतलं शोभेचं झाड असं गरिबाच्या पोटाच्या कामाला आलं.

इथे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. दगडी भिंतीवर वारा आदळला की तो वरून उसळून पलीकडे खाली कोसळतो आणि तिथलं पीक झोडपतो. झुडपाच्या कुंपणातून थोडा वारा गाळून जातो, त्याचा जोर मोडतो. चाळणीतून पाणी गेल्यासारखं. असं कुंपण आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतं. म्हणजे सहा फुटांचं कुंपण असेल तर पन्नास-साठ फुटांपर्यंतचं पीक त्याच्या आडोशाला येतं. मात्र उताराच्या जमिनीत खालच्या बाजूला वाट मोकळी ठेवायची. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते. खालचं कुंपण दाट असेल तर ती तिथेच साचते आणि नेमकं तिथलंच पीक हिमाने जातं.

बेटांवरची आणखी एक युक्ती आपल्या ओळखीची आहे. ज्या जागी जाळ केला होता तिथला नर्गिस लवकर फुलतो, असं लोकांच्या लक्षात आलं. मग उन्हाळ्यात कंद जमिनीत निजलेले असताना वरून पेंढा जाळायची पद्धत पडली. पुढे प्लॅस्टिकखाली धूर कोंडायची रीत आली. धुरात इथिलीन नावाचा वायू असतो, तो कंदाला जागं करतो. आपल्याकडे बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवतात, तिथेही हाच वायू काम करतो. दोन टोकांच्या मुलखांतल्या माणसांनी शास्त्राचं नाव ऐकण्याआधी एकच गोष्ट हाताने शोधून काढली.

आता शेवटचा भाग. इतक्या पिढ्यांनी जपलेली बाग तीन वर्षांत दोनदा उद्ध्वस्त झाली.

१९८७ च्या जानेवारीत उत्तर-पूर्वेकडून बर्फाळ वारे आले. ज्या बेटावर हिम क्वचित, तिथे बर्फ साचला आणि पारा शून्याच्या बराच खाली गेला. बागेतली बहुतांश नाजूक झाडं मेली. रसरशीत पानांची झाडं तर चिखल होऊन पडली. सगळं उपसून काढलं, बाहेरून रोपं आणि बिया मागवल्या, पुन्हा लागवड केली. ती लागवड मूळ धरते न धरते तोच २५ जानेवारी १९९० ला मोठं वादळ आलं. या वेळी बाग नाही, तर बागेभोवतीचे ते जुने उंच वृक्ष पडले. शंभर वर्षांचा आडोसा एका दिवसात आडवा झाला.

त्यांनी आधी काय केलं असेल? फुलझाडं नाही लावली. पडलेली लाकडं हटवून आधी वारा अडवणाऱ्या झाडांची हजारो रोपं लावली. रोपांना आडोसा म्हणून कुंपणं लावली. म्हणजे आडोशाच्या झाडांनाही आधी आडोसा दिला. आज ती झाडं पुन्हा उंच झाली आहेत, आणि बाग पुन्हा उभी आहे. फुलांचा धंदा आता पूर्वीइतका मोठा नाही. परदेशातली स्वस्त फुलं आली आणि बेटं मुख्यतः पर्यटकांवर जगतात. तरी काही कुटुंबं अजून हिवाळ्यात सुवासिक नर्गिस खुडतात आणि टपालाने घरोघर पाठवतात.

मैत्रिणींनो, ही दूरची गोष्ट आम्ही का सांगितली? आपल्याकडचा हिवाळा सौम्य, असं आपण धरून चालतो. आणि मग एखाद्या पहाटे निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो. द्राक्षाचे मणी तडकतात. जळगावकडे केळीची पानं पिवळी पडतात. परसातली मिरची, पपईचं रोप, दारातल्या कुंडीतलं शोभेचं झाड माना टाकतं. द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी देतात, कारण ओली माती कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. केळीवाले बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. ही शेवरी बहुतेक घरातल्या बायाच टोचतात. सिली बेटांवरचं पिटोस्पोरम आणि आपली शेवरी, दोघींचं काम एकच.

तेव्हा या हिवाळ्याआधी गटाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. पहिली, वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूला शेवरी, शेवगा, गजराज गवत, जे मिळेल ते पावसाळ्यातच लावायचं. थंडी आल्यावर लावलेला आडोसा कामाचा नाही. दुसरी, नवीन रोपांना रात्री तुराट्यांचा, पाचटाचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा द्यायचा, आणि ऊन वर आलं की काढायचा. कुंड्या भिंतीच्या दक्षिण अंगाला हलवायच्या आणि घायपात-कोरफडीसारख्या झाडांचं पाणी थंडीत कमी करायचं. तिसरी, आपल्याकडचं चांगलं बी आणि फाटे एकाच घरात ठेवायचे नाहीत. गटातल्या चार घरी द्यायचे. एकीचं गेलं तर दुसरीकडून परत मिळतं.

आणि आणखी एक काम, शेतीचं नाही. आपल्या गावातल्या बांधावरची जुनी झाडं कुणी लावली, ते म्हाताऱ्या बायांना विचारून वहीत लिहून ठेवायचं. कुणाच्या आजीने टोचलेली शेवरी, कुणाच्या सासूने लावलेला शेवगा. गावातून उठून गेलेलं एखादं घर असेल तर त्याचंही नाव लिहायचं. सॅमसनच्या भिंती अजून उभ्या आहेत म्हणून निदान तिथे कुणी राहत होतं एवढं तरी कळतं. आपल्याकडची मातीची घरं दोन पावसाळ्यांत जमिनीला मिळतात. त्यांची आठवण वहीतच राहील.

पुढच्या बैठकीत वह्या घेऊन या. आम्ही ती नावं रेडिओवर वाचून दाखवू. तोपर्यंत आमचा नमस्कार.